पंचविसाव्या गाडीनंतरची सव्विसावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या संरक्षित रानभूमीत, म्हणजे तिथल्या कायद्याच्या भाषेत 'वाइल्डरनेस'मध्ये, हौशी मोटारस्वारांना मर्यादित प्रवेश द्यावा का, या वादावरचा आपल्या अंकातला लेख वाचला. नवी यंत्रं धूर कमी सोडतात, आवाज कमी करतात, तेव्हा रोज ठरावीक गाड्यांना परवाने द्यावेत आणि मध्यम मार्ग काढावा, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तो निघालाच आहे, असा लेखाचा सूर आहे. मध्यम मार्ग कोणाला नको असतो? पण यलोस्टोनचा दाखला लेखाच्या बाजूचा नाही.

यलोस्टोनमध्ये स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या मोटारगाड्या, १९६३ साली आल्या. पुढे त्यांची इतकी गर्दी झाली की पश्चिम प्रवेशद्वारावर पावत्या फाडणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या खोक्यात पंपानं ताजी हवा सोडावी लागली. दोष इंजिनाच्या जातीतच होता. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात जळका वायू बाहेर ढकलण्याचं काम ताजं मिश्रणच करतं, आणि त्या खटपटीत इंधनाचा सुमारे पाव हिस्सा न जळता धुराड्यातून निघून जातो. वंगणाचं तेलही पेट्रोलमध्येच मिसळलेलं, तेही त्याच वाटेनं. दीड दशकाच्या कोर्टकचेरीनंतर २०१३ साली नियम पक्का झाला: दिवसाला बर्फावरच्या सगळ्या वाहनांच्या मिळून ११० फेऱ्या, त्यात स्नोमोबाइलच्या गटांच्या जास्तीत जास्त ५०, एका गटात फार तर १० गाड्या. धूर आणि आवाज दोन्हींना कमाल मर्यादा. बहुतेक गटांसोबत वाटाड्या सक्तीचा.

हा नियम टिकला, कारण तिथे स्नोमोबाइल रानात धावतच नाही. उन्हाळ्यात ज्या रस्त्यांवरून मोटारी जातात, त्यांच्यावर साचलेल्या बर्फावरूनच ती जाते. आत यायला मोजकी फाटकं आहेत आणि फाटकावर मोजायला माणूस आहे. शिवाय तो भाग कायद्यानं घोषित वाइल्डरनेस नाही. वाळवंटातल्या एखाद्या वाइल्डरनेसची स्थिती पाहा. हद्द कित्येक मैल कच्च्या रस्त्याच्या कडेनं जाते, कुंपण नाही, फाटक नाही, पहारेकरी दिवसचे दिवस फिरकत नाही. तिथे 'रोज २५ गाड्या' असा परवाना काढला तर सव्विसावी कोण ओळखणार? शून्याचा नियम मात्र ओळखता येतो. आत चाकाची एक खूण दिसली की तोच पुरावा. परवाने सुरू झाले की ती खूण परवानेवाल्याची की घुसखोराची, हे कोणालाच सांगता येत नाही. मोटारबंदी कडक दिसते म्हणून लोक तिच्यावर चिडतात, पण तिचा खरा गुण ती तपासता येते हा आहे.

याची एक बाजू न्यायालयातही दिसली. उटा राज्यात वाइल्डरनेस घोषित होण्याची वाट पाहणारी अभ्यासक्षेत्रं आहेत. जमीन खात्यानं ती 'बिघडू न देता' सांभाळावीत, असं १९७६चा कायदा सांगतो. तिथे गाड्यांनी नासधूस चालवली आहे आणि खातं ती थांबवत नाही, अशी पर्यावरणवाद्यांची तक्रार होती. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ती फेटाळली: 'सांभाळा' हे मोघम कर्तव्य आहे, त्यासाठी खात्याला अमुकच कर असा हुकूम देता येत नाही. मोघम शब्दांचा निकाल असा लागतो. याउलट १९६४च्या मूळ वाइल्डरनेस कायद्याचं कलम ४(क) यादीच देतं: मोटारवाहन नाही, मोटारीवर चालणारं अवजार नाही, मोटारबोट नाही, विमान उतरणार नाही, इतर कोणतंही यांत्रिक वाहन नाही. म्हणून तर वाटेवर पडलेलं झाड वनखात्याची माणसंही एरवी चेनसॉनं कापत नाहीत, दोघांनी ओढायचा लांब करवत वापरतात. जिवावरचा प्रसंग असेल तर हेलिकॉप्टर येऊ शकतं, ती सोय कायद्यातच आहे.

आता चाकाकडे वळू. स्वारांचा एक मुद्दा बरोबर आहे आणि तो मान्य करायला हवा. एटीव्हीचा, म्हणजे रानवाटांवरच्या छोट्या चारचाकीचा, फुगीर टायर दर चौरस इंचाला जेमतेम ५ पौंड दाबावर चालतो, उभ्या घोड्याच्या नालेखालचा दाब त्याच्या कितीतरी पट भरतो. पण नुकसान नुसत्या वजनानं होत नाही. चढावर चाक फिरतं आणि घसरतं, उतारावर ब्रेक लागला की फरपटतं, वळणावर मातीची वरची साल सोलून बाजूला टाकतं. दुसरं, खुराचे ठसे सुटे खड्डे असतात, चाकाची रेघ मात्र सलग असते. सलग रेघ म्हणजे पाण्याला आयता पाट. डोंगरातली वाट आखताना साधा हिशेब असा धरतात की वाटेचा उतार डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, म्हणजे डोंगराचा उतार २० टक्के असेल तर वाटेचा १० टक्क्यांपर्यंत. शिवाय वाटेचा पृष्ठभाग दरीकडे किंचित कललेला हवा, म्हणजे पाणी वाट ओलांडून निघून जातं. चाकोरी बोटभर खोल झाली की हा कल संपला. पाणी आडवं जायचं सोडून वाटेवरूनच उभं धावतं, माती नेतं, दगड उघडे पडतात. मग स्वार त्या दगडांना वळसा घालतात आणि शेजारी नवी चाकोरी पडते. (चिखल टाळणारे पदयात्रीही हेच करतात, फक्त सावकाश.) आडवे ओंडके टाकून पाणी वळवायचा उपाय पायवाटेवर चालतो, चाकांखाली ते ओंडके महिन्याभरात उखडतात. मोटारवाटेला मातीचे लांब, बसके, ठासून दाबलेले उंचवटे लागतात. ते बांधायला यंत्र हवं, आणि वाइल्डरनेसमध्ये यंत्रच नेता येत नाही. म्हणजे परवाना दिलात तरी त्या वाटेची निगा राखायचं साधन कायद्यानंच काढून घेतलेलं आहे. लेखात याचा उल्लेखही नाही.

वाळवंटात तर पाण्याचीही वाट पाहावी लागत नाही. तिथल्या मातीवर सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफूल यांची पातळ खपली असते. तीच वाळूचे कण बांधून ठेवते. ती एकदा चिरडली की वारा माती उडवतो. खालची माती दबली की पाणी मुरत नाही, बी रुजत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४४ दरम्यान, मोहावी वाळवंटात रणगाड्यांचा सराव झाला होता. त्यांचे माग अजूनही दिसतात.

आवाजाचा हिशेब कागदावर करता येतो. कित्येक राज्यांत मोटारसायकलची आवाज-चाचणी सायलेन्सरच्या तोंडापासून २० इंचांवर, म्हणजे अर्ध्या मीटरवर होते आणि मर्यादा ९६ डेसिबल असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे ८ मीटरवर ७२, ६४ मीटरवर ५४ आणि अर्ध्या किलोमीटरवर ३६. झाडी आणि उंचवटे यातून आणखी थोडं कापतात, पण वारा नसलेल्या पहाटे वाळवंटात ३६ डेसिबल स्पष्ट ऐकू येतात. हा नियमात बसणाऱ्या गाडीचा आकडा आहे. आतली जाळी काढून टाकलेल्या सायलेन्सरचा सोडूनच द्या. ती जाळी आवाजापुरती नसते. ठिणगीरोधक म्हणून वनखात्याची तिला मान्यता असते, आणि ०.०२३ इंचाहून मोठे कोळशाचे कण तिनं अडवावेत किंवा फोडावेत ही अपेक्षा असते. ती काढली की सुक्या गवतात वणव्याची सोय झालीच.

विजेवरच्या गाड्यांनी धूर आणि आवाज जातो, चाक जात नाही. उलट विजेच्या मोटारीचा जोर शून्य वेगापासून लागतो, त्यामुळे ढिल्या मातीत चाक सहज घसरतं. आणि अंतराचं काय? कायद्यात वाइल्डरनेसचा किमान आकार साधारण ५,००० एकर धरला आहे, म्हणजे चौरस मानला तर एक बाजू साडेचार किलोमीटर. पायी माणसाला ती ओलांडायला तास-सव्वा तास. ताशी २५ किलोमीटरच्या गाडीला अकरा मिनिटं. गाडी आवाज करो न करो, रान तेवढंच लहान होतं.

अपंगांचं काय, हा लेखातला सवाल रास्त आहे, पण त्याचं उत्तर १९९०च्या अपंगहक्क कायद्यातच लिहिलेलं आहे. चाकाची खुर्ची वाइल्डरनेसमध्ये नेता येते. अट एवढीच की ती केवळ अपंगांच्या हालचालीसाठी बनवलेली आणि घरात वापरता येण्याजोगी असावी. बॅटरीवरची खुर्चीही त्यात बसते. या सोयीचं नाव पुढे करून एटीव्ही आत नेता येणार नाही.

स्वारांनी जायचं कुठे, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. अलास्का वगळता अमेरिकेच्या सलग भूभागाचा वाइल्डरनेस जेमतेम पावणेतीन टक्के आहे, बाहेर जागा भरपूर आहे. तिथे २००५च्या नियमानं प्रत्येक राष्ट्रीय वनाला गाड्यांचे रस्ते आणि वाटा ठरवून नकाशा छापावा लागतो. नकाशात नसलेली वाट बंद. घोटाळा होतो तो वाटेच्या रुंदीत. एटीव्हींसाठी आखलेल्या वाटा ५० इंचांच्या आहेत, तर शेजारीशेजारी बसायच्या नव्या गाड्या ६० इंच आणि त्याहून रुंद येतात. त्या दोन्ही कडा खात जातात. तोंडाशी ५० इंचांची लोखंडी चौकट बसवणं हा सगळ्यात स्वस्त इलाज, बशर्ते चौकटीला वळसा घालता येऊ नये अशी जागा निवडली असेल.

बंद केलेली वाट नुसत्या फलकानं बंद होत नाही. फलक उपटला जातो, नाहीतर त्यावर गोळ्या झाडल्या जातात. रस्त्यावरून जिथवर नजर जाते तेवढा तुकडा दिसेनासा करावा लागतो: दबलेली माती वीतभर उकरून मोकळी करायची, मेलेली झुडपं उभी पुरायची, दगड एक तृतीयांश जमिनीत गाडून ठेवायचे, स्थानिक बी टाकायचं. पुढची वाट तशीच राहिली तरी चालते, कारण सुरुवात न दिसलेल्या वाटेवर गाडी वळत नाही.

शेवटी एक दुरुस्ती. वाइल्डरनेसमध्ये मोटारीला सरसकट बंदी आहे, हे लेखातलं विधान बरोबर नाही. मिनेसोटातल्या बाउंडरी वॉटर्समध्ये १९७८च्या कायद्यानं काही तळ्यांवर मोटारबोटी चालू ठेवल्या, तळ्यांची नावं लिहून, कुठे १० तर कुठे २५ अश्वशक्तीची मर्यादा घालून. इंजिनावर छापलेला आकडा काठावरच्या रक्षकाला वाचता येतो. अलास्कातली सूट मात्र वेगळ्या तऱ्हेनं लिहिली गेली. १९८०च्या कायद्यानं तिथे 'पारंपरिक कामांसाठी' स्नोमोबाइल चालू ठेवली आणि पारंपरिक म्हणजे काय, ते सांगितलंच नाही. वीस वर्षं वाद चालला. २००० साली राष्ट्रीय उद्यान विभागाला निदान डेनाली राष्ट्रीय उद्यानाच्या जुन्या गाभ्यापुरती त्या शब्दाची व्याख्या करावी लागली, आणि तो सुमारे २० लाख एकरांचा गाभा स्नोमोबाइलला बंद झाला.

आपला,
एक वाचक