नौशेऱ्याला निघालेल्या मुलास

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर बदलीचं गाव तू ‘नौशेरा, जम्मूकडे’ म्हणालास आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं, तर ‘पाय बघून टाक.’ तू चिडलास. ‘आबा, मी पण सॅपर आहे, सुरुंग काढणाराच,’ म्हणून फोन ठेवलास. बरोबरच आहे तुझं. आई दोन दिवस मला टाकून बोलतेय. म्हणून हे पत्र, आणि त्यात तो विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय.

नौशेरा म्हटलं की मला राणे साहेब आठवतात. १९९० साली खडकीत आमचे उस्ताद मैदानावर पोटावर झोपवून ठेवायचे आणि वर उभे राहून तीच गोष्ट सांगायचे. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, कारवारकडचे, आपल्याच बॉम्बे सॅपर्सचे. ८ एप्रिल १९४८. नौशेऱ्याहून राजौरीकडे चाल निघालेली, पुढे रस्ताभर सुरुंग. बरवालीजवळ काम सुरू करतायत तोच वरून मॉर्टरचा मारा. दोन जवान गेले, पाच जखमी, त्यात साहेब स्वतः. मांडीला लागलं होतं. मागे गेले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं.

मागे गेले नाहीत. पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. हातात दोन दोर, त्यांची टोकं वर ड्रायव्हरकडे. एक ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. वर गोळ्या चाललेल्या, आणि हा माणूस लोखंडाच्या त्या धुडाखाली त्याच्याच चालीनं सरपटत सुरुंग शोधतोय. जरा मागे राहिला तर साखळीखाली, जरा पुढे गेला तर गोळीच्या तोंडी. १० तारखेला पाइनची झाडं आडवी टाकलेली, भोवती सुरुंग; तेही उडवून दिलं. ११ ला चिंगसपर्यंत वाट मोकळी. दुसऱ्या दिवशी फौज राजौरीत.

लोक या गोष्टीत छाती बघतात. मला ते दोर दिसतात. चार दिवस, मांडीला जखम, झोपेचा पत्ता नाही, आणि तरी एकदाही चुकीचा दोर ओढला नाही. आणि परमवीर चक्र स्वतःच्या हातानं घेतलं, बाळा. मेजर होऊन १९६८ ला निवृत्त झाले, १९९४ पर्यंत जगले. मी खडकीत होतो तेव्हा साहेब हयात होते. एकदा जाऊन पाया पडावं, हे तेव्हा सुचलं नाही. त्या वयात सुचत नाही.

तू मात्र घाई करतोस. लहानपणापासून. जेवताना घाई, गाडीवर घाई, बोलताना तर विचारूच नकोस. तिथे पावसानं माती सरकते आणि मातीबरोबर सुरुंगही. नकाशात एका जागी, जमिनीत दुसऱ्याच. काल साफ केलेली वाट आज साफ असेलच असं धरू नकोस. प्रॉडर, म्हणजे सुरुंग चाचपायची ती सळी, तिरका घाल, जोर देऊ नकोस, आणि शेवटच्या तासाला जास्त सांभाळ, कारण माणूस तेव्हाच... बघ, सुरू झालो. माफ कर. हे सगळं तुला उस्तादांनी माझ्यापेक्षा बरं शिकवलं असेल.

पण एक सांगतो, जे घरात कोणाला सांगितलेलं नाही. २००२ मध्ये राजस्थानात आम्ही आमचेच पेरलेले सुरुंग उचलत होतो. नोंदीप्रमाणे एक जागेवर नव्हता. दुपार टळलेली, सगळ्यांना आटपायचं होतं. मी उठून मागे बघितलं तर वाळूतून त्याची कड दिसत होती, माझ्या टाचेपासून वीतभर. नंतर पाण्याची बाटली उघडायला मला दुसऱ्याला सांगावं लागलं. तू तेव्हा नुकताच झालेला. तुझं तोंड मी आठ महिन्यांनी पाहिलं. हे पत्र आईच्या हाती लागू देऊ नकोस.

तुला आठवतं का, तू बैलगाडीखाली पालथा पडायचास? सात-आठ वर्षांचा असशील. माझ्या दोन्ही मनगटांना सुतळी बांधायचास आणि खालून ओरडायचास, ‘आबा, तुम्ही ड्रायव्हर!’ डावी ओढलीस की मी थांबायचं. एकदा मला तिथेच डुलकी लागली. तू ओढतोयस, ओढतोयस, आणि मी ढिम्म. बाहेर येऊन केवढा रडलास! ‘तुम्ही लक्ष नाही दिलंत, मी मेलो असतो.’ आत्यानं गूळ देऊन गप्प केलं होतं.

ते आता रात्री आठवतं. आता दोराचं टोक माझ्याकडे नाही, एवढंच.

कसम परेडला, तुझ्या शपथेच्या दिवशी, मी टाळ्या वाजवल्या नाहीत असं तू धाकटीला म्हणालास म्हणे. हात मोकळे नव्हते रे. एका हातात आईची पिशवी होती, दुसऱ्यानं तिला धरलं होतं. म्हणजे तिनं मला धरलं होतं.

चटणी संपली असेल तर कळव. लोकरीचे मोजे दोन जोड पाठवलेत, जाड आहेत, बुटात बसतात का ते पोहोचल्यावर सांग. नेटवर्क नसलं तर नसू दे, पण मिळेल तेव्हा मिस्ड कॉल तरी टाक. तुझ्या टीममध्ये जुना जाणता कोण असेल त्याच्या मागे मागे राहा, आणि तो जिथे पाय टाकेल...

बरं. नाही लिहीत.

तुझे आबा