कोलमन्सकोप दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

ल्युडेरिट्झ या बंदराच्या गावाहून आपण एकाच गाडीने निघालो, ओळख तेवढीच. पण तुमचे आभार चारचौघांत मानावेत असं फार वाटत होतं, म्हणून हे उघड पत्र.

नामिबियातल्या कोलमन्सकोप या हिऱ्यांच्या खाणीच्या ओस गावात सगळेच जातात ते खोल्यांत शिरलेल्या वाळूचे फोटो काढायला. मीही त्यासाठीच आले होते. तुम्ही मात्र खाणीत उभी हयात घालवलेल्या माणसाच्या नजरेने एकेक इमारत बघत होतात आणि काहीही विचारलं की थांबून सांगत होतात. गोडं पाणी केपटाऊनहून जहाजाने यायचं, तरी बर्फाच्या कारखान्यातून रोज घरोघर लादी पोचायची, हे ऐकून मी त्या पडक्या भिंतींकडे नव्याने बघितलं. हिरे ऑरेंज नदीने समुद्रात नेले, समुद्राने उत्तरेकडे सारले, वाऱ्याने वाळूत पसरले. म्हणून सुरुवातीला खोल खणावंच लागलं नाही. मजूर ओळीने रांगत हिरे वेचायचे. हे तुम्ही वाळूत बोटाने नकाशा काढून समजावलंत.

सगळ्यात मोठं ऋण दवाखान्यातलं. तिथल्या एक्स-रे यंत्राचं आम्ही कौतुक करत होतो. मजुरांनी हिरे गिळलेत का, हे बघायलाही ते वापरलं जायचं, हे तुम्ही सांगितलंत आणि आम्ही सगळे गप्प झालो. नाचघर, स्किटल्सचा (चेंडूने खुंट्या पाडायचा) खेळ, शाळा हे जर्मन कुटुंबांसाठी. उत्तरेकडून कंत्राटावर आणलेले ओवाम्बो मजूर राहायचे वेगळ्या बराकींत. १९०८ मध्ये रेल्वेच्या रुळांवरची वाळू उपसताना पहिला हिरा ज्याच्या हाती लागला, तो झकेरियास लेवालाही मजूरच. त्याने तो मुकादम ऑगस्ट श्टाउखला दिला. श्टाउख गडगंज झाला, लेवालाला काही मिळालं नाही. त्याचं नाव तुम्ही आम्हा सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेतलंत. फार बरं केलंत.

१९२८ मध्ये दक्षिणेला ऑरेंजच्या मुखाजवळ मोठे साठे सापडले, माणसं तिकडे सरकली आणि १९५६ पर्यंत गाव रिकामं झालं. एवढं तर कुठल्याही माहितीपत्रकात असतं. बाकीचं मला तुमच्यामुळे दिसलं.

एक विनंती आहे. खाणमजुरांच्या वस्त्यांबद्दल परतीच्या वाटेवर जे बोलत होतात, ते लिहून काढा. टंकलेखन मी करून देईन.

काकूंना नमस्कार.

तुमची,
गाडीत मागच्या बाकावर बसलेली सहप्रवासी