साप-कासवे ‘बिनखटपटीची’ नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्यांना वेळ नाही त्यांनी कोणते प्राणी पाळावेत, याविषयीचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. कुत्र्याला फिरवावे लागते, मांजराचे केस घरभर होतात. त्यापेक्षा साप किंवा कासव बरे, आठवड्यातून एकदा पाहिले तरी चालते, असा त्याचा सूर होता. मी पशुवैद्यक आहे आणि माझ्याकडे सरपटणारे प्राणी बरेच येतात. त्यांतल्या बहुतेकांना कुठून संसर्ग झालेला नसतो. ते या ‘चालते’मुळे आजारी पडलेले असतात. म्हणून हे पत्र.

कुत्र्याचे दुखणे घरातल्या लहान मुलालाही कळते. साप आणि कासव मात्र ते लपवतात, कारण निसर्गात अशक्त दिसणाऱ्या जिवावर पहिली झडप पडते. शिवाय त्यांच्या शरीराचा सगळा कारभार संथ. म्हणून ‘कालपर्यंत चांगले होते हो’ असे सांगत मालक येतात, तेव्हा आजार कित्येक महिन्यांचा जुना असतो.

सगळ्यात जास्त विकले जाणारे कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले. पिल्लू जेमतेम तीन सेंटिमीटरचे असते, म्हणून लोक ते काचेच्या वाडग्यात ठेवतात. हीच मादी वाढली की कवच 25 ते 30 सेंटिमीटरपर्यंत जाते आणि नीट सांभाळली तर ती वीस-तीस वर्षे जगते. कवचाच्या दर इंचामागे सुमारे 40 लिटर पाणी, हा पाळणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. तो मांडून पाहिला की वाडग्याचा प्रश्न उरत नाही. कासव त्याच पाण्यात खाते आणि त्याच पाण्यात घाण करते, त्यामुळे दणकट फिल्टर लागतो आणि तो असूनही पाणी नेमाने बदलावे लागते. अंग पूर्ण कोरडे करून शेकत बसायला पाण्याबाहेर जागा हवी. (जमिनीवरच्या कासवाचे सगळे वेगळे. त्याला पोहता येत नाही. कासवच आहे म्हणून त्याला टबात सोडणारे लोकही भेटतात.)

पण खरा घोटाळा उजेडाचा आहे. अन्नातले कॅल्शियम अंगी लागायला ड-3 जीवनसत्त्व लागते आणि कासव ते उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी किरणांच्या मदतीने कातडीत तयार करते. खिडकीच्या काचेतून ऊन आत येते, पण यूव्हीबी जवळजवळ सगळे काचेतच अडते. टाकी खिडकीत ठेवून समाधान मानणाऱ्यांच्या कासवाला नुसती उष्णता मिळते. भर दुपारी तर ती जिवावर बेतेल इतकी मिळते. म्हणून यूव्हीबीचा खास दिवा लागतो आणि त्याच्या व कासवाच्या मध्ये काच नको. त्यातही गोम अशी की सहा महिने ते वर्षभरात या दिव्याचे यूव्हीबी बरेच कमी होते, पण प्रकाश तसाच पडत राहतो. पाहणाऱ्याला दिवा चालू दिसतो आणि कासव अंधारात असल्यासारखे असते. दिवा लावल्याची तारीख त्याच्यावरच लिहून ठेवावी.

कॅल्शियम कमी पडले की शरीर ते हाडांतून काढून घेते आणि कवच हे हाडच आहे, फासळ्या आणि मणके यांच्याशी एकजीव झालेले. अशा कासवाचे कवच बोटाने दाबले तर दबते. वेळेत आले तर उपचार होतात, पण वेडेवाकडे वाढलेले कवच पुन्हा सरळ होत नाही. कवच जिवंत असते हे ठाऊक नसल्यामुळेच लोक त्यावर रंगही फासतात. त्याबद्दल मी काही लिहिले तर आपण छापणार नाही. दुसरी नेहमीची तक्रार सुजलेल्या पापण्यांची. वर्षानुवर्षे नुसती वाळवलेली कोळंबी खाऊ घातली की अ जीवनसत्त्व कमी पडते आणि डोळे मिटतात. दिसेना म्हणून कासव खात नाही, खात नाही म्हणून आणखी खंगते. घरात पडलेले डोळ्यांचे थेंब घालून हे बरे होत नाही. त्याचा आहार बदलावा लागतो. जीवनसत्त्वाचा डोसही मनाने देऊ नये, तो जास्त झाला तर कातडी सोलवटते.

सापाला रोज खायला लागत नाही, हे त्या लेखात लिहिले होते ते खरे आहे. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला (हा पाळायला विकला जाणारा लहान जातीचा अजगर) दोन-तीन आठवड्यांनी एक उंदीर पुरतो आणि काही महिने तो आपणहून उपासही करतो. मात्र खाल्लेले पचायला लागणारी ऊब त्याला बाहेरूनच मिळवावी लागते. त्याच्या पेटीची एक बाजू 31-32 अंश सेल्सिअस आणि दुसरी 25-26 अंशांच्या आसपास हवी. दोन्हीकडे लपायला जागा हवी, नाहीतर बिचाऱ्याला ऊब किंवा आडोसा यांतले एकच मिळते. पेटी गार पडली तर गिळलेला उंदीर पोटात कुजतो आणि साप तो उलटून टाकतो. उलट थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप आटोक्यात ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, लावलेल्या गरम चटईने पोट भाजलेले सापही येतात. पेटीचा तळ तापला तरी साप वेळीच बाजूला होतो असे नाही. काचेवर चिकटवलेला तापमापक काचेचे तापमान सांगतो. साप जिथे पडून असतो तिथले मोजावे.

जिवंत उंदीर पेटीत सोडून निघून जाऊ नये. भूक नसलेल्या सापाला उंदीर कुरतडतो आणि त्या जखमा पाहवत नाहीत. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून चिमट्याने द्यावा; सापाच्या सर्वांत जाड भागाहून तो फार जाड नको. त्यानंतर दोन दिवस सापाला उचलू नये. डोळे निळसर-दुधी झाले की कात टाकायची वेळ आली असे समजावे, तेव्हाही हात लावू नये. कात अखंड निघाली तर ठीक. तुकड्यातुकड्यांनी निघाली तर बहुधा हवेत ओलावा कमी पडला आहे. डोळ्यावर राहिलेला पापुद्रा नखाने काढायला जाऊ नये, डोळा जातो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातोंडाशी बुडबुडे येणे हे फुप्फुसाच्या आजाराचे लक्षण आहे. तिथे वाट पाहू नये.

विक्रेते रंग-नक्षीच्या नावाने भुरळ घालतात. बॉल पायथनची ‘स्पायडर’ म्हणून ओळखली जाणारी नक्षी ज्या जनुकामुळे येते, त्याच जनुकामुळे त्या सापांची मान थरथरते आणि तोलही जातो. दिसायला सुंदर म्हणून असे साप मुद्दाम पैदा करणे मला तरी निर्दयपणा वाटतो.

घरातल्या माणसांसाठी एकच गोष्ट, पण महत्त्वाची. साप-कासवांच्या विष्ठेतून माणसाला जुलाब-ताप आणणारे साल्मोनेलाचे जंतू येतात आणि वरून ठणठणीत दिसणारा प्राणीही ते पसरवतो. लहान कासवे मुले तोंडात घालत, म्हणून अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. हात साबणाने धुवावेत, टाकी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवू नये आणि पाच वर्षांखालील मूल, गरोदर बाई किंवा फार वृद्ध माणूस घरात असेल तर हा शौक पुढे ढकलावा.

आणताना दोन गोष्टी तपासाव्यात : आपल्याकडच्या कायद्याने तो प्राणी पाळता येतो का, आणि तो बंदिस्त जागेत जन्मलेला आहे का. रानातून धरून आणलेला साप पाळू नये. आणि नकोसा झाला म्हणून तळ्यात, नदीत सोडू नये. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले हे लाल पट्ट्याचे कासव अशाच ‘मुक्तते’मुळे जगभरच्या पाणवठ्यांत पसरून तिथल्या कासवांच्या मुळावर आले आहे. तिथल्याच फ्लोरिडा राज्यातल्या एव्हरग्लेड्स या दलदलीच्या प्रदेशात बर्मीज अजगर ठाण मांडून बसले, तेही पाळीव प्राण्यांच्या व्यापारातूनच. सांभाळणे जमत नसेल तर प्राणी-निवारा किंवा वनखात्याशी बोलावे.

ज्यांच्या घरी साप किंवा कासव आधीच आहे त्यांनी घाबरून न जाता एकदा सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाकडे त्याला दाखवून आणावे. येताना टाकीचा किंवा पेटीचा फोटो, दोन्ही बाजूंचे तापमान, दिव्याचे खोके आणि ताजी विष्ठा डबीत घालून आणावी. निम्मे निदान आम्ही त्यावरूनच करतो.

आपली नम्र,
एक पशुवैद्यक