डॉक्टर, खुबा वाचला तो तुमच्या खरं बोलण्यामुळं

डॉक्टर, नमस्कार. हे तोंडावर सांगायचं होतं खरं तुमच्या ओपीडीत गर्दी एवढी की दोन शब्द बोलाय मिळत नाहीत, म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहितेय.

आधी बेळगावातच एकीकडं मला सांगून टाकलेलं की खुबा गेलाय, बदलून घ्या. वय माझं 34, खानापूरला घरचं भाताचं रान, खाली बसाय येईना तर करू काय? तुम्ही एक्सरे उजेडाला धरलासा आणि पेनाच्या टोकानं दाखवलासा, बघा, खुब्याच्या सांध्यातल्या वाटीचं छप्पर जन्मापासनंच अपुरं आहे, तिच्यात बसणारा मांडीच्या हाडाचा गोळा बाहेरून उघडा पडलाय, सगळा भार वाटीच्या काठावर येतोय, खरं मधली फट अजून शाबूत आहे म्हणजे कूर्चा, हाडांवरचं गुळगुळीत अस्तर, शिल्लक आहे, बदलायची घाई कशाला. वाटीभोवतीचं हाड कापून वाटी फिरवायची, गोळ्यावर नीट झाकण आणायचं आणि स्क्रूनं बसवायची. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉ. गान्झ यांनी 1984 पासनं हे ऑपरेशन सुरू केलं म्हणे.

मला सगळ्यात भावलं ते पुढचं. गॅरंटी काय म्हणून विचारल्यावर तुम्ही गोड बोलला नाहीसा. बर्नच्या पहिल्या 75 खुब्यांपैकी 20 वर्षांनी साधारण 60 टक्के न बदलता टिकले, त्यात आधीच बरीच झीज झालेले पण होते, आणि 30 वर्षांनी चांगले राहिलेले तीसेक टक्केच. चाळिशीच्या आत आणि झीज कमी असताना केलं तर जास्त टिकतंय, पुढं कधीतरी बदलावा लागला तर लागला. एवढं स्पष्ट कोण सांगतंय ओ! आमच्या नवऱ्याला तर आकडे ऐकून घाम फुटला, मला उलट धीर आला.

ऑपरेशन पुण्याला झालं, नंतर हाड जुळेपर्यंत कुबड्या, पायावर पूर्ण भार टाकायचा नाही, त्यात मांडीची बाहेरची बाजू बधिर, ती अजून थोडी आहेच, खरं ते पण तुम्ही आधीच सांगितलेलं म्हणून घाबरले नाही. आता जांघेतली कळ गेलीय, बाजार करून चालत घरी येते.

आणि एक, बहिणीला मुलगी झालीय. वाटी अशी अपुरी असणं घराण्यात असू शकतंय म्हटलेलासा, म्हणून सहा आठवड्यांची झाली की खुब्याची सोनोग्राफी करायला घेऊन येतोय. बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळू नका म्हणून आईला सांगितलं तर ती माझ्यावरच रुसलीय, तुम्हीच जरा समजावून सांगा तिला, तुमचं ऐकेल.