आमची मालदीवची खोली निवडून देणाऱ्या छोटीला

प्रिय छोटी,

कामानं तू आता लोकांना समुद्राखाली नेणारी इन्स्ट्रक्टर मॅडम झालीस, पण आमच्या स्नेहलतागंजात, समोरच्या घरातल्या आम्हाला, तू छोटीच राहणार, चालवून घे. फोनवर थँक्यू म्हटलं की तू "काय वहिनी तुम्हीपण" म्हणतेस आणि विषय पोहे-जलेबीवर नेतेस, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय आम्ही परत आल्यापासून इंदूरातले निम्मे ओळखीचे विचारतायत की मालदीवला कुठली रूम घ्यायची, तुम्ही तो पाण्यावरचा व्हिला घेतला होता का, फोटो पाठवा ना. प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखलं, आता हेच पत्र पुढे ढकलून मोकळी होईन.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या घरात डायव्हिंगचं वेड अंदमानहून आलं. आधी ह्यांना लागलं, मग पोरीनंही कोर्स केला. मी मात्र महेश्वरच्या घाटावरसुद्धा नाक घट्ट धरून एक डुबकी मारून बाहेर येणारी, आणि आमच्या आई म्हणजे सासूबाई, त्यांना पोहणं येत नाही आणि गुडघे तर तुला माहीतच आहेत. म्हणजे चौघांत दोघं पाण्याखाली आणि दोघी काठावर. हे गणित एकाही बुकिंगवाल्यानं विचारलं नाही. ज्याच्याकडे आम्ही जात होतो तो माणूस एकच कॅटलॉग पुढे सरकवायचा, पाण्यावर खांबांवर उभे व्हिला, खाली फिकट फिरोजी पाणी, आणि म्हणायचा "भिया, मालदीव जाओ और वॉटर व्हिला न लो तो क्या लिया". घरात सगळे विरघळलेले. पोरीनं तर फोटोसाठी ड्रेस पण बघून ठेवला होता.

तू सुट्टीवर आलेलीस, नेमकी तेव्हा चहाला आमच्याकडे, कॅटलॉग उलटा ठेवलास आणि पहिला प्रश्न विचारलास की काकूंना, म्हणजे आमच्या आईंना, रात्री किती वेळा उठावं लागतं. मला तेव्हा वाटलं ही असं काय विचारतेय. मग दुसरा प्रश्न, दादा (म्हणजे हे) सकाळी बोटीवर गेला की वहिनी आणि काकू जेवणापर्यंत कुठे बसणार? बजेट तर तू सगळ्यात शेवटी विचारलंस! माझ्या मते तुझं खरं काम तिथेच झालं, कारण आम्ही सगळे खोली बघत होतो आणि तू माणसं बघत होतीस.

मग तू मोबाइलवर सॅटेलाइट नकाशा उघडलास. तो भाग मी अजून सगळ्यांना दाखवते. बेट मोठं करून दाखवलंस, बघा वहिनी, बेटाच्या भोवती फिकट पट्टा आहे ना, ती उथळ वाळू, लगून, आणि त्याच्या पलीकडे जिथे एकदम गडद निळी रेघ सुरू होते तो प्रवाळाचा कडा, तिथून समुद्र खोल जातो, आणि मासे कासवं सगळी त्या रेघेवर असतात. म्हणजे कॅटलॉगमध्ये पाणी जितकं फिकट आणि जितकं लांबवर फिकट, तितकं प्रवाळ तुमच्या खोलीपासून दूर, तिथे पोहायला छान, फोटोला छान, पण मास्क लावून खाली बघाल तर वाळूच वाळू. डायव्हिंगसाठी जाणाऱ्यानं गडद रेघ किनाऱ्याच्या अगदी जवळ असलेलं बेट बघायचं, मग बोटीचे पैसे न देता किनाऱ्यावरूनच हाउस रीफवर, म्हणजे बेटाला लागूनच्या प्रवाळावर, उतरता येतं. आम्ही त्या रात्री जेवण सोडून बेटं मोठी करत बसलो होतो, ह्यांनी तर रात्री दोनपर्यंत. मालदीवला बाराशेच्या आसपास बेटं आहेत आणि रिसॉर्टचा हिशोब एक बेट एक रिसॉर्ट असा, त्यामुळे एकदा चुकीचं बेट घेतलं की शेजारी चालत जाऊन दुसरं बघता येत नाही, हे तुझं वाक्य ह्यांना फारच लागलं.

मग तो मँटाचा किस्सा. आमच्या बुकिंगवाल्यानं बा अटॉल नावाच्या बेटसमूहाचं एक पॅकेज गळ्यात मारायला काढलं होतं, फेब्रुवारीत, हनिफारू बेमध्ये मँटा रे मासे बघत डायव्हिंग म्हणून. तू हसलीसच. तिथे मँटा जमतात ते नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत, मे-जूनपासून नोव्हेंबरपर्यंत, आणि त्या खाडीत हवेची टाकी लावून उतरायची परवानगीच नाही, फक्त स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून वरूनच बघायचं. म्हणजे चुकीचा महिना आणि चुकीचा खेळ, दोन्हीचे पैसे वाचले. त्याऐवजी तू दक्षिण अरी अटॉल सुचवलंस, तिकडे व्हेल शार्क वर्षभर दिसण्याची शक्यता असते आणि फेब्रुवारीत समुद्र शांत असतो. (व्हेल शार्क आम्हाला दिसला नाही, हे पण लिहून टाकते, नाहीतर लोक म्हणतील वहिनी वाढवून सांगतात.) आणि पोरीचं सर्टिफिकेट अठरा मीटर खोलीपर्यंतचं, तेव्हा पाण्याच्या जोरदार प्रवाहाच्या खोल जागा सोडून सोप्या साइट्स जवळ आहेत का ते डाइव्ह सेंटरला आधी मेल करून विचारा, रिसेप्शनला नको, रिसेप्शन सगळ्याला येस मॅम म्हणतं, हे पण तुझंच.

पोचायचं कसं हा एक वेगळाच घोळ असतो हे आम्हाला कुठे माहीत. इंदूरहून माले सरळ विमान नाही, मुंबई किंवा बंगलोर करून जायचं, आणि पुढे बेटावर नेणारं, पाण्यावर उतरणारं सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. संध्याकाळी मालेला उतरलात तर रात्र तिथेच हॉटेलात, रिसॉर्टचे त्या रात्रीचे पैसे मात्र गेले. वर सीप्लेनचं सामान साधारण वीस किलो आणि हातातलं पाच, ह्यांचे फिन्स, रेग्युलेटर असं डायव्हिंगचं सामान त्यातच, आणि चढायला ती अरुंद शिडी. तू म्हणालीस काकूंसाठी दक्षिण अरीतल्या मामिगिलीपर्यंत साधं छोटं विमान आणि पुढे स्पीडबोट घ्या. आईंनी बोटीत चढताना खलाशाचा हात असा धरला की तो बिचारा पुढे सगळ्या मुक्कामात त्यांना "मदर, मदर" म्हणून हाक मारायचा.

आता मेन मुद्दा, वॉटर व्हिला. तू तो वाईट आहे असं एकदाही म्हणाली नाहीस, हे मला आवडलं. फक्त सांगितलंस की लाकडी जेटीवरून जेवणघरापर्यंत रोज किती चालायचं ते मोजा, बग्गी बोलवावी लागते आणि ती येईपर्यंत काकू उन्हात, डेकवरून थेट पाण्यात शिडी आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, दुपारी त्या डेकवर सावली शोधून सापडत नाही, रात्रभर खाली पाणी थपथप करतं ते कुणाला अंगाई वाटतं आणि कुणाला झोप येत नाही. आणि डाइव्ह करणारा माणूस तर सकाळपासून बोटीवर, तो एवढे पैसे भरलेला डेक बघणार कधी? पोरगी फुगली तेव्हा तू मधला रस्ता पण काढलास, शेवटच्या रात्री तिकडे शिफ्ट व्हा, रिसॉर्टवाले करून देतात. पण डायव्हिंगचे ओले सूट आणि आईंची औषधं सगळं परत भरायचं म्हटल्यावर मीच नको म्हटलं, तो दोष तुझ्यावर येऊ नये म्हणून लिहितेय, पोरगी अजून टोमणे मारते.

घेतला तो बीच व्हिला, तू सांगितलंस तसा जेवणघर आणि डाइव्ह सेंटर यांच्या मधोमध, पायऱ्या नसलेला, समोर नारळाची सावली असलेला, आणि पश्चिमेच्या बाजूला, कारण फेब्रुवारीत वारा ईशान्येकडून येतो, तेव्हा ती बाजू आडोशाची. जूनमध्ये गेलो असतो तर हाच सल्ला उलटा दिला असतास म्हणे. बुकिंगवाला "गार्डन साइड सस्ता पड़ेगा" म्हणत होता, मी म्हटलं नाही, छोटीनं सांगितलंय.

आणि त्याच सावलीत ते झालं जे तुला फोनवर सांगताना आईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला होता. सकाळची वेळ, हे आणि पोरगी बोटीवर, आई नऊवारी सावरत घोटाभर पाण्यात उभ्या, आणि त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर शार्कची पिल्लं, दीड-दोन वीत लांब, वाळूच्याच रंगाची, पाठीवरच्या पंखाचं टोक मात्र शाईत बुडवल्यासारखं काळं. एका रांगेत किनाऱ्याला लागून चाललेली, आईंनी पाय हलवले की सगळी एकदम वळायची. मी किंचाळले, आई नाही. "अगं लहान आहेत, आई कुठे गेलीय त्यांची" म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून चहाचा कप घेऊन त्या तिथेच हजर, डाइव्ह सेंटरच्या पोरांनी सांगितलं की ब्लॅकटिपची पिल्लं मोठ्या माशांपासून वाचायला अशी उथळ पाण्यात राहतात, तर ते ऐकल्यापासून आई मोठा मासा येतोय का म्हणून पहारा देत बसायच्या. जेटीच्या टोकाच्या व्हिलात हे झालं नसतं ग, तिथे पाणी सुरूच कमरेच्या वर होतं.

बाकी लहान लहान गोष्टी, ज्यांचं मोल तिथे गेल्यावर कळतं. एसी सव्वीसच्या खाली नेऊ नका म्हणालीस, सर्दी झाली की कान मोकळे होत नाहीत आणि डाइव्ह गेलं, तर रात्री ह्यांच्या हातातून रिमोट काढून घ्यायला मला पहिल्यांदा शास्त्रीय कारण मिळालं. सूट खोलीत आणू नका, सेंटरला धुवायची टाकी आणि टांगायची जागा आहे का ते आधी विचारा. रिसॉर्टचं घड्याळ मालेच्या पुढे असू शकतं, तेव्हा विमानाची वेळ सांगितली की कुठल्या घड्याळाची ते विचारा, आमच्या बेटावर खरंच एक तास पुढे होतं. शेवटच्या दिवशी डाइव्ह नाही, उडण्याआधी निदान अठरा तास, आणि छोटं विमान पण विमानच, ह्यांनी वाद घालून बघितला, सेंटरवाल्यांनी तुझंच वाक्य शब्दाला शब्द ऐकवलं. कोटेशनवर दोन अधिकची चिन्हं दिसली की वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि सतरा टक्के टॅक्स, शिवाय ग्रीन टॅक्स माणशी रोज बारा डॉलर, हे तू कागदावर लिहून दिलंस तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण तिथे जाऊन बघण्यासारखा झाला नाही, ते बरं. जेवणासकट पॅकेज घ्या, बेटावर दुसरं दुकान नाही हे पण पटलं. तरी आईंनी सेव आणि जीरावन मसाला नेलाच, आणि तिथल्या केरळच्या शेफला ते खिचडीवर घालून खायला लावलं.

सगळ्यात अवघड काम तू केलंस ते बाळकृष्णाचं. पूजेच्या मूर्ती मालदीवमध्ये न्यायला बंदी आहे, कस्टमला काढून घेतात, हे आईंना सांगायची माझी हिंमत नव्हती, कारण आईंचा बाळकृष्ण त्यांच्याबरोबर चारधामलाही गेलेला. तू त्यांच्याजवळ खाली बसलीस आणि म्हणालीस, काकू, तो माझ्या आईकडे राहील, लोणी-साखर रोज. आणि तुझ्या आईनं खरंच रोज नैवेद्याचा फोटो पाठवला, बेटावर वायफाय आलं की आमच्या आई आधी तो बघायच्या मग चहा. तुझ्या आईलाही या पत्रात मोठ्ठं थँक्यू, त्यांना वाचून दाखव.

आता एक नवीन काम आहे तुझ्यासाठी. हे हल्ली रात्री पुन्हा सॅटेलाइट नकाशा उघडून बसतात, फुवाहमुला नावाचं बेट आहे म्हणे एकदम दक्षिणेला, तिथे टायगर शार्क दिसतात, आणि पोरगी पण होला हो करतेय. अठरा मीटरवालीला तिथे जाता येतं की नाही, आणि काकूंना न्यावं की नाही, हे तू जरा दादाला स्वतः फोन करून सांग, माझं ते ऐकत नाहीत. रविवारी दुपारी कर, तेव्हा ते घरी असतात आणि पोट भरलेलं असतं.

तुझी,
समोरच्या घरातली वहिनी
स्नेहलतागंज, इंदूर