जमा केलेल्या बंदुका गंजून परत येतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवडणूक आली की शेतीसंरक्षणाच्या बंदुका पोलीस स्टेशनला जमा कराव्या लागतात, आणि त्या काळात वानर-रानडुकरं बागेचं काय करतात हे पेपरात अधूनमधून येतं. पण जमा केलेल्या बंदुकीचं काय होतं ह्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

२०२४ ला लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, निकाल ४ जूनला, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गात पाऊस दारात. लगेच १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली. आमच्याकडे काहीजणांनी परत द्यायचीच आहे म्हणून मधे बंदूक सोडवलीच नाही, अख्खा पावसाळा ती तिथल्या खोलीत. माझी दुनळी घरी आली तेव्हा नळीवर तांबडं कडं दिसलं. नंबराची चिठ्ठी सुतळीने बांधलेली होती, सुतळीने ओल धरली आणि बरोबर सुतळीच्या रुंदीएवढा गंज धरला. फडक्याने वरची भुकटी निघाली पण खाली नखाला लागतील असे खड्डे, आणि नळीखालचं लाकूड काढलं तर आत त्याहून वाईट, कारण तिथली ओल बाहेरून कळतच नाही.

लोकांना वाटतं बंदुकीला काळं पॉलिश असतं म्हणजे ती सुरक्षित. तसं नाहीय. ते पॉलिश म्हणजे ब्ल्यूइंग, लोखंडाचाच एक काळा ऑक्साइड, मॅग्नेटाइट, जाडी जेमतेम १ मायक्रॉनच्या आसपास. हा थर पाणी अडवत नाही, तो फक्त तेल धरून ठेवतो आणि खरं रक्षण करतं ते तेल. तेल सुकलं की संपलं, मग हाताचा घाम, खारी हवा, कॅनव्हासच्या पिशवीतली ओल, काहीही पुरतं. बरेच लोक घरचं खोबरेल लावतात, ते कृपा करून लावू नका, ते जुनं झालं की खवट होतं आणि त्यात धूळ बसते. शिलाई मशीनचं पातळ तेल त्यापेक्षा बरं पण तेही पावसाळाभर टिकत नाही.

बरं, खराब झालं तर परत ब्ल्यूइंग करून घ्या म्हणणं सोपं आहे. कारखान्यात जे गरम ब्ल्यूइंग करतात ते कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या टाकीत, साधारण १४० डिग्रीला, आणि दुनळीच्या दोन नळ्या व मधली पट्टी बहुतेक जुन्या बंदुकांत शिशाच्या डागाने (सोल्डरने) जोडलेली असते, तो डाग कॉस्टिक खाऊन टाकतं. म्हणून दुनळीला जुन्या पद्धतीचं सावकाश गंज चढवून, उकळून, घासून केलेलं ब्ल्यूइंग लागतं, ते करणारे हात आता शोधावे लागतात. बाटलीतलं थंड ब्ल्यूइंग लावून देतात ते दिसायला काळं, पण हाताळून हाताळून लवकर उडतं. त्यात खड्डे घालवायला नळी घासावी लागते, घासली की नंबर आणि प्रूफचे (नळीची चाचणी झाल्याचे) शिक्के पुसट होतात. कायद्याने नंबर पुसणं गुन्हा आहे, मग परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी दाखवायचं काय? आणि खड्डे नळीच्या आत, काडतुसाच्या घरात असतील तर रिकामं काडतूस अडकायला लागतं.

हे फक्त आमच्या गावठी बंदुकांचं नाही. व्हिएतनामच्या दमट जंगलात अमेरिकन सैन्याच्या एम-१६ रायफली अडकायला लागल्या, १९६७ मध्ये त्यांच्या संसदेच्या समितीने चौकशी केली. काडतुसातली दारू बदलली हे एक कारण होतं, पण काडतुसाच्या घराला क्रोमचा मुलामा नव्हता हे दुसरं, तो नंतर दिला. एके-४७ च्या नळीला आतून क्रोम असतं. बाहेरून सैन्याच्या हत्यारांना फॉस्फेटचा खरखरीत थर देतात, तो ब्ल्यूइंगच्या कित्येक पट जाड आणि तेल स्पंजासारखं धरतो. म्हणजे दमट हवेचा उपाय माहीत आहे, जुना आहे. मग जी बंदूक मुळात कोकणातल्या शेतकऱ्याने पावसात वापरायची आहे तिला अजून चकचकीत ब्ल्यूइंगच का? ती दिसायला साधी असली तरी चालेल, आतून क्रोम आणि बाहेरून फॉस्फेट द्या, थोडे जास्त पैसे आम्ही देऊ. नवीन सिरॅमिक कोटिंगवालेही आहेत, गंजाला ते खरंच चांगले, पण जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथून ते निघतं, आणि जाहिरातीत मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात इतके तास गंजत नाही असं लिहिलेलं असतं, ते तास ३५ डिग्रीला ५ टक्के मिठाच्या पाण्यात सपाट पत्र्यावर मोजलेले, त्यावरून आपल्याकडे किती वर्षं टिकेल ते कळत नाही.

पोलिसांवर माझा राग नाही, त्यांच्याकडे जागा नाही, माणसं नाहीत. मुळात सरसकट सगळ्यांच्या बंदुका घ्यायच्या नाहीत, जिल्ह्याच्या स्क्रीनिंग कमिटीने केस बघून ठरवायचं असा नियम आहे, तो नीट पाळला तर अर्धा प्रश्न सुटेल. ज्या घ्यायच्याच त्यांना जमा करताना मालकासमोर घट्ट ग्रीस लावू द्या, पुण्या-कोल्हापूरच्या मशीनशॉपमध्ये सुटे भाग ज्या व्हीसीआय (गंज रोखणाऱ्या) कागदात गुंडाळतात तो कागद मालक स्वतः आणून देईल. चिठ्ठी सुतळीऐवजी प्लास्टिकच्या पट्टीने बांधा आणि तीही लाकडाला, नळीला नको. महिन्यातून एकदा पोलिसांच्या समोर पुसायची परवानगी द्या. आणि पावतीवर बंदुकीची अवस्था लिहा, आत्ता फक्त नंबर आणि मेक लिहितात, त्यामुळे गंज आधीचा की नंतरचा हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. जिल्हा प्रशासनाने एवढं एक परिपत्रक पुढच्या आचारसंहितेच्या आधी काढावं ही विनंती.

आपला,
एक आंबा-काजू बागायतदार, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग