टर्बो मोठा टाकला म्हणजे गाडी पळते असं नाही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात टर्बो गाड्यांवर पान आलं होतं ते वाचलं, माहिती चांगली होती पण सगळा भर हॉर्सपॉवरवर, आणि आमच्याकडे चाळीसगाव, पाचोरा, धुळ्याकडची पोरं तेवढा एकच आकडा बघतात आणि मग गॅरेजवाल्याला म्हणतात की भाऊ मोठा टर्बो बसवून दे. यात पोरांचा पैसाही जातो आणि चांगली इंजिनंही जातात, म्हणून हे पत्र.

टर्बोला स्वतःची ताकद नसते. इंजिनातून सायलेन्सरकडे निघालेल्या गरम गॅसवर त्याचा एक पंखा फिरतो आणि त्याच शाफ्टवरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. म्हणजे गॅस किती येतो त्यावर सगळं, आणि ते ठरतं सीसी म्हणजे इंजिनाचा आकार आणि आरपीएम म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या यांवर. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं, त्यामुळे १२५० सीसीचं इंजिन १५०० आरपीएमला, टर्बोचा दाब धरला नाही तर, मिनिटाला जास्तीत जास्त ९४० लिटर हवा ओढणार, आणि २२०० सीसीचं तेवढ्याच आरपीएमला १६५० लिटर. आता २२०० सीसीच्या डिझेलचा टर्बो जुन्या बाजारातून आणून १२५० सीसीच्या गाडीला लावला तर जो जोर मोठ्या गाडीला १५०० ला मिळत होता तो इथे २६०० च्या पुढे गेल्यावर मिळेल, तोपर्यंत टर्बो नुसता लोंबकळतो.

आणि आपण गाडी चालवतो कुठे? रावेर-सावद्याकडे केळीच्या ट्रकमागे, गावातल्या बाजारात, नाहीतर कन्नड घाटात. सगळा कारभार १५०० ते ३००० च्या मधला. घाटात वळणावर सेकंड टाकला, आरपीएम १४०० वर आला, ॲक्सिलरेटर दाबला तरी काही नाही, अजून दाबला तरी काही नाही, मग २६०० ला एकदम धक्का देऊन गाडी उसळते आणि तेव्हा वळण अजून संपलेलं नसतं, पुढून एसटी येत असते. "गाडीले जोरच नही" म्हणणारा माणूस तेव्हा घाबरून ब्रेक मारतो. पेपरवर ही गाडी जास्त पॉवरची, पण रोजच्या चालवण्यात आधीपेक्षा मठ्ठ.

कंपन्यांना हे कळतं. मारुतीचं १२४८ सीसीचं तेच डिझेल इंजिन, स्विफ्टमध्ये साध्या फिक्स्ड टर्बोवर ७५ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) आणि एसएक्स४ मध्ये ९० पीएस. पण ९० साठी नुसता मोठा टर्बो लावला नाही, आतल्या पात्या हलणारा व्हेरिएबल जिओमेट्री टर्बो दिला, म्हणजे कमी आरपीएमला गॅसचा रस्ता अरुंद होतो आणि पंखा लवकर उचलतो. एवढं करूनही २००० च्या खाली चालवणाऱ्याला स्विफ्टच हलकी वाटायची, गावात तर नक्कीच. माझ्या मते रोजच्या गाडीला थोडा लहानच टर्बो बरा.

पण फार लहानही नको. लहान टर्बो लवकर उचलतो खरा, पण वरच्या आरपीएमला त्यातून हवा पुरत नाही, गॅस मागे तुंबतो, आणि कोणी रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, दाब वाढवला की पंखा त्याच्या मर्यादेच्या पुढे फिरतो, हवा जास्त तापते आणि शेवटी शाफ्टच जातो.

हवा तापण्याचं खास करून सांगायचं, कारण हा आपल्या उन्हाचा विषय आहे. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ ला जातो, त्या हवेत २५ अंशाच्या हवेपेक्षा ऑक्सिजन साधारण ६ टक्के कमी, आणि तीच हवा टर्बोने ०.८ बारला (म्हणजे बाहेरच्या दाबाच्या वर अजून साधारण ०.८ पट) दाबली की सव्वाशे अंशाच्या आसपास जाते. ही दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर लहान असेल, त्याच्यापुढे शोसाठी लाइटा लावल्या असतील, तर पेट्रोल गाडीत नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी भडकणं, सुरू होतं आणि पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. पुण्याच्या थंडीत कोणीतरी चालवून दाखवलेलं सेटिंग इथे मे मध्ये चालेलच असं नाही, हे पोरांना कोणी सांगतच नाही.

कायद्याचंही आहेच, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून बदल चालत नाही, उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवालाही आधी तेच बघेल.

तर साहेब, एक विनंती आहे. गाड्यांच्या पानावर हॉर्सपॉवरच्या शेजारी पूर्ण टॉर्क, म्हणजे गाडी ओढायचा जोर, कितव्या आरपीएमपासून कितव्यापर्यंत मिळतो तो आकडा प्रत्येक गाडीचा छापा, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, आणि उन्हाळ्यात एकदा तुमच्या माणसाला घाटात चार माणसं बसवून एसी लावून गाडी चालवायला सांगा आणि ते लिहा.

आपला नियमित वाचक,
चाळीसगाव, जि. जळगाव